पुस्तकी मूल्य २२०, बाजारभाव ४८०, अहवालात ६२०: बांधकाम कंपनीचा शेअर नेमका कितीचा?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. आपल्याकडे एका सूचीबद्ध बांधकाम कंपनीचे १,५०० शेअर आहेत. ते आपण सरासरी ३१० रुपयांना घेतले होते आणि आज त्यांचा भाव ४८० आहे. कंपनीचे पुस्तकी मूल्य शेअरमागे २२० रुपये आहे, गेल्या वर्षीचा नफा शेअरमागे ८ रुपये, म्हणजे पी-ई गुणोत्तर (भाव भागिले शेअरमागचा नफा) ६०. आणि एका दलाली संस्थेच्या अहवालात मात्र ‘निव्वळ मालमत्ता मूल्य’ (मालमत्तेच्या किमतीतून कर्ज वजा करून शेअरमागे उरणारी रक्कम) ६२० रुपये दाखवून खरेदीची शिफारस केलेली आहे. विजापूर रोडवरचा प्लॉट विकून आलेली रक्कम याच शेअरमध्ये घालावी का, आणि या आकड्यांपैकी विश्वास कोणत्यावर ठेवावा, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. आपण कंपनीचे नाव दिलेले नाही, पण तिच्या सादरीकरणातले बहुतेक आकडे दिले आहेत आणि पद्धत दाखवण्यासाठी ते पुरेसे आहेत.

मी सोलापुरात सत्तावीस वर्षे सनदी लेखापाल म्हणून काम करतो आहे. यंत्रमागाच्या शेडपासून कुटुंबाच्या हिस्सेवाटपातील शेअरपर्यंत अनेक गोष्टींचे मूल्यांकन करण्याची वेळ माझ्यावर येते. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्याला गोंधळात टाकणारे हे आकडे परस्परविरोधी नाहीत; प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. पुस्तकी मूल्य सांगते की जमीन आणि बांधकाम यांवर पूर्वी किती खर्च झाला. पी-ई सांगते की गेल्या बारा महिन्यांत किती नफा हिशेबात धरला गेला. भागधारकाला जाणून घ्यायचे असते ते मात्र इतकेच, की या जमिनी, इमारती आणि करार यांतून, बँक, ठेकेदार, जमीनमालक आणि सरकार या सर्वांचे देणे भागल्यावर, त्याच्या वाट्याला किती पैसे उरतील आणि ते कधी हाती येतील. यातला ‘कधी’ हा भाग बहुतेक अहवालांत सर्वांत कमी तपासलेला असतो, म्हणून पुढील विवेचनात मी त्यावरच अधिक थांबणार आहे.

आधी पी-ई ६० ची धास्ती दूर करू. १ एप्रिल २०१८ पासून आपल्याकडे लागू झालेल्या इंड-एएस ११५ या लेखामानकानंतर बहुतेक निवासी बांधकाम कंपन्या सदनिकेची विक्री तेव्हाच उत्पन्नात धरतात, जेव्हा इमारत पूर्ण होऊन ताबा देण्याजोगी होते. ग्राहकाने तीन वर्षे हप्ते भरले तरी तोपर्यंत ती रक्कम ताळेबंदात देणे म्हणूनच दिसते. त्यामुळे ज्या वर्षी दोनच इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळाले त्या वर्षी पी-ई ६० दिसेल आणि ज्या वर्षी आठ इमारतींना मिळाले त्या वर्षी तेच १२ दिसेल, कंपनीच्या धंद्यात मात्र या दोन वर्षांत काहीच बदललेले नसेल. पुस्तकी मूल्याचेही तसेच आहे. विक्रीसाठीच्या जमिनी आणि अर्धवट इमारती खर्चाच्या किमतीला, किंवा त्यांतून मिळू शकणारी रक्कम त्याहून कमी असेल तर त्या कमी किमतीला, नोंदवलेल्या असतात. भाड्याने दिलेल्या इमारतीसुद्धा मूळ खर्चातून घसारा वजा करूनच दाखवल्या जातात. भाड्याच्या इमारतींचे आजचे मूल्य वार्षिक अहवालाच्या टिपणांत द्यावे लागते आणि ते टिपण आपण अवश्य शोधावे, परंतु मुख्य ताळेबंदात ते उतरत नाही. वीस वर्षांपूर्वी घेतलेली जमीन पुस्तकात अजून त्याच भावाने बसलेली असते.

म्हणून मी कंपनीचे तीन ढीग करतो आणि प्रत्येकाला वेगळी फूटपट्टी लावतो.

पहिला ढीग चालू प्रकल्पांचा. आपल्या आकड्यांनुसार विकलेल्या सदनिकांचे ३,००० कोटी ग्राहकांकडून यायचे आहेत, न विकलेल्या सदनिका २,५०० कोटींच्या आहेत आणि उरलेले बांधकाम २,००० कोटींचे आहे. विक्रीचा व कार्यालयाचा खर्च ५०० कोटी आणि कर सुमारे ६०० कोटी धरला, तर चार वर्षांत २,४०० कोटी उरतात, म्हणजे वर्षाला ६०० कोटी. पण चार वर्षांनी येणारा रुपया आजचा रुपया नव्हे. चाटी गल्लीतला व्यापारी मुदतीच्या बिलाचे पैसे आज द्यायचे असतील तर वटाव कापूनच देतो, आणि इथेही तेच करायचे आहे. १२ टक्के वटाव धरला तर या ढिगाची आजची किंमत सुमारे १,८२० कोटी होते. हा ढीग सर्वांत विश्वासार्ह असतो, कारण त्याची पडताळणी घरबसल्या करता येते. महारेरा, म्हणजे राज्याचे गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण, याच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाच्या पानावर एकूण सदनिका, नोंद झालेल्या सदनिका, पूर्णत्वाची मूळ तारीख, वाढवून घेतलेली तारीख, त्यावरील बोजा आणि न्यायालयीन वाद यांची माहिती असते. सादरीकरणात कंपनी ‘नव्वद टक्के विक्री’ म्हणत असेल आणि महारेराच्या पानावर साठ टक्के दिसत असेल, तर त्या तफावतीचे कारण कळल्याखेरीज पुढचा हिशेब करू नये.

इथेच रोख रकमेचा एक बारकावा सांगतो. रेरा कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावा लागतो. कंपनी ही शिल्लक वजा करून ‘निव्वळ कर्ज’ सांगते. आपण उरलेला बांधकाम खर्च वर पूर्ण धरला आहे, त्यामुळे ती वजावट मूल्याच्या हिशेबात चालते. मात्र ज्या अहवालात त्या खात्यातून भागणारा खर्चही वगळलेला असतो आणि तीच रक्कम कर्जातूनही वजा केलेली असते, तिथे एकच पैसा दोनदा मोजला जातो. शिवाय त्या पैशाने दुसऱ्या प्रकल्पाच्या कर्जाचे व्याज भरता येत नाही, हे अडचणीच्या काळात फार महत्त्वाचे ठरते.

दुसरा ढीग भाड्याच्या कार्यालयांचा, आणि तो समजायला सोपा आहे. २० लाख चौरस फूट, चौरस फुटाला महिना ८० रुपये, म्हणजे वर्षाला १९२ कोटी. दहावा हिस्सा रिकामा धरून आणि मालकाच्या माथी पडणारा खर्च वजा करून १६० कोटी उरतात. यांना परताव्याच्या दराने भागायचे. दर ८ टक्के धरला तर २,००० कोटी, ९ टक्के धरला तर सुमारे १,७८० कोटी आणि ७ टक्के धरला तर जवळपास २,२८५ कोटी. कंपनीचे एकूण शेअर दहा कोटी आहेत, म्हणून एका टक्क्याने शेअरमागे वीस ते तीस रुपयांचा फरक पडतो, त्यामुळे दर कुठून घेतला हे विचारलेच पाहिजे. मी त्यासाठी सूचीबद्ध रीटकडे, म्हणजे भाड्याच्या इमारतींची मालकी असलेल्या आणि ज्यांची युनिट शेअर बाजारात मिळतात अशा न्यासांकडे, पाहतो. एप्रिल २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स ही भारतातील पहिली रीट सूचीबद्ध झाली, त्यानंतर माइंडस्पेस, ब्रुकफील्ड इंडिया आणि मॉलची नेक्सस सिलेक्ट आली. रीटना स्वतंत्र मूल्यांककाकडून मालमत्तांचे मूल्य काढून जाहीर करावे लागते आणि वाटपयोग्य रोख रकमेचा किमान ९० टक्के भाग युनिटधारकांना द्यावा लागतो. आपल्या कंपनीवर असे वाटपाचे बंधन नाही. ती भाड्याचे पैसे नव्या जमिनीतही घालू शकते. म्हणून रीटच्या तुलनेत मी दर थोडा चढा धरतो. आपल्या कंपनीची कार्यालये जवळजवळ भरलेली असून भाडेकरार लांब मुदतीचे आहेत, त्यामुळे इथे ८ टक्के मला योग्य वाटतात. भाडेकरू एखाददुसराच मोठा असता आणि त्याचा करार पुढच्या वर्षी संपणार असता, तर मी ९ टक्के धरले असते.

तिसरा ढीग जमिनीचा. भाव ४८० आणि अहवाल ६२० यांच्यातले भांडण खरे म्हणजे याच ढिगावरून आहे.

सोलापूरच्या माणसाला जमिनीबद्दल नव्याने काही सांगायला नको. जुळे सोलापुरात शेजारच्या प्लॉटला अमुक भाव आला म्हणून आपल्याही प्लॉटचा तोच भाव धरणारे लोक मी रोज पाहतो, आणि तोच प्लॉट तीन वर्षे गिऱ्हाइकाविना पडून राहिलेलाही पाहतो. एका गुंठ्याचा भाव आणि शंभर एकरांचा भाव यांत मोठे अंतर असते, कारण शंभर एकर एकदम घेणारा कोणी नसतो. त्यावर टप्प्याटप्प्याने बांधून, विकूनच पैसे काढावे लागतात. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जागांचा प्रश्न किती वर्षे रेंगाळतो, तेही आपण डोळ्यांनी पाहिले आहे. मुंबईचे उदाहरण घ्यायचे तर बॉम्बे डाइंगने वरळीची सुमारे २२ एकर जागा सुमारे ५,२०० कोटी रुपयांना विकण्याचा व्यवहार सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. ती जागा कंपनीकडे कित्येक दशके होती आणि तिचे मोल सर्वांना ठाऊक होते, तरी ते मोल भागधारकांच्या हिशेबात रोखीने यायला इतका काळ जावा लागला.

आता आपल्या कंपनीचा आकडा. शंभर एकरांवर १ कोटी चौरस फूट विक्रीयोग्य क्षेत्र होईल असे ती म्हणते. विक्रीचा दर १०,००० रुपये, बांधकाम, परवानगी शुल्क, विक्री व कार्यालय मिळून खर्च ६,०००, उरलेल्या ४,००० वर सुमारे २५ टक्के कर, म्हणजे चौरस फुटामागे ३,००० रुपये उरतील. अहवालाने १ कोटीला ३,००० ने गुणले आणि जमीन ३,००० कोटींची म्हणून लिहून टाकली. मी असे विचारतो की हे एक कोटी चौरस फूट विकायला किती वर्षे लागतील. आपणच कळवल्याप्रमाणे कंपनीची वार्षिक विक्री साधारण १० लाख चौरस फूट आहे, म्हणजे दहा वर्षे. वर्षाला ३०० कोटी, दहा वर्षे, आणि अजून परवानग्याही न आलेल्या कामाला साजेसा १४ टक्के वटाव, असे धरले की ३,००० कोटींचे आजचे मूल्य सुमारे १,५६५ कोटी होते. दर एका रुपयानेही न उतरता निम्मी किंमत केवळ काळाने खाल्ली.

एवढ्यावर थांबता येत नाही. चालू प्रकल्पांतल्या न विकलेल्या २,५०० कोटींच्या सदनिका त्याच दराने मोजल्या तर २५ लाख चौरस फूट होतात, म्हणजे आजच्या वेगाने अडीच वर्षांचा माल आधीच शिल्लक आहे. मग शंभर एकरांवरची पहिली विक्री आजपासून कशी सुरू होईल? ती तीन वर्षे पुढे ढकलली तर १,५६५ कोटींचे सुमारे १,०५५ कोटी उरतात. मला हाच आकडा वास्तवाच्या जवळ वाटतो. विक्रीचा वेग दुप्पट होईल असे कंपनी म्हणत असेल, तर त्यासाठी नवी शहरे, जादा मनुष्यबळ आणि जादा कर्ज लागेल. तो वेग दिसू लागल्यावर हिशेब पुन्हा मांडावा, आधीच धरून चालू नये.

दरातील चढउताराचा परिणामही लोकांच्या अंदाजाहून मोठा असतो. विक्रीचा दर दहा टक्क्यांनी उतरून ९,००० झाला आणि खर्च ६,००० च राहिला, तर करानंतर उरणारी रक्कम ३,००० वरून २,२५० होते, म्हणजे दर दहा टक्क्यांनी उतरल्यावर शिल्लक पंचवीस टक्क्यांनी घटते. तेजीत हेच गणित उलट्या बाजूने चालते, आणि म्हणूनच या क्षेत्रातले शेअर इतके वेगाने चढतात व उतरतात.

तीन ढिगांची बेरीज अशी होते: १,८२०, अधिक २,०००, अधिक १,५६५, म्हणजे ५,३८५ कोटी, त्यातून १,५०० कोटींचे निव्वळ कर्ज वजा केले की ३,८८५ कोटी, आणि दहा कोटी शेअरांनी भागले की शेअरमागे सुमारे ३८८ रुपये. जमिनीचे काम तीन वर्षांनी सुरू होईल असे धरले तर सुमारे ३३८. अहवालातला ६२० चा आकडा मला असाच उलगडता आला: चालू प्रकल्पांचे २,४०० कोटी वटाव न कापता, कार्यालये ७ टक्के दराने आणि जमीन पूर्ण ३,००० कोटींना. बेरीज चुकलेली नाही, गृहीतकांत काळाला जागा दिलेली नाही.

आता बाजाराचा ४८०. माझ्या ३३८ आणि त्याच्यात शेअरमागे १४२ रुपयांचे, म्हणजे सुमारे १,४२० कोटींचे अंतर आहे. बाजार वेडा आहे असे म्हणून हे अंतर मी झटकून टाकत नाही. आज हाती नसलेले प्रकल्प ही कंपनी पुढे मिळवील, जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास आणि जमीनमालकांशी विकसन करार (जमीन मालकाची, बांधकाम कंपनीचे आणि विक्रीत दोघांचा वाटा) करून जमीन विकत न घेताही कमावेल, या अपेक्षेचे ते मोल आहे. ज्या कंपनीचे नाव, वेळेवर ताबा देण्याची ख्याती आणि बँकांकडील पत चांगली आहे, तिला असे मोल मिळणे रास्तच आहे. ते किती असावे, हे तपासण्याची माझी रीत सोपी आहे. कंपनी दरवर्षी जे नवे प्रकल्प जोडते त्यांतून, वर दाखवलेल्या पद्धतीनेच, आजच्या मूल्याने किती भर पडते ते काढावे. ही भर वर्षाला १०० कोटी असेल तर बाजार आज चौदा वर्षांची भर आगाऊ मोजून देतो आहे, आणि ते मला फार वाटते. ती २५० कोटी असेल तर पावणेसहा वर्षांची होते, आणि चांगल्या व्यवस्थापनासाठी मी तेवढे देईन. हा एक आकडा आपल्या पत्रात नाही. तो मागील तीन वर्षांच्या सादरीकरणांतून काढता येईल.

हिस्सा मोजण्याबाबत एक सावधगिरी मी स्वतः ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाच्या हिस्सेवाटपासाठी अशाच एका कंपनीच्या शेअरचे मूल्य काढताना मी तिच्या सर्वांत मोठ्या प्रकल्पाची पूर्ण शिल्लक तिच्याच खात्यात धरली. कच्चा अहवाल दोन्ही भावांना दिल्यानंतर वार्षिक अहवालाचे टिपण पुन्हा वाचताना लक्षात आले की त्या विक्रीतला ४५ टक्के वाटा जमीनमालकाचा होता. मी अहवाल मागे घेऊन दुरुस्त केला, पण तोवर धाकट्या भावाने जुन्या आकड्यावर विसंबून घर सोडून शेअर घेण्याची तयारी केली होती, आणि ती आठवण मला आजही अस्वस्थ करते. म्हणून आपल्या कंपनीच्या शंभर एकरांपैकी किती जमीन तिच्या नावावर आहे, किती विकसन कराराची आहे, आणि कोणत्या उपकंपनीत बाहेरच्या गुंतवणूकदाराला आधी ठरावीक परतावा देणे आहे, हे पाहिल्याशिवाय १ कोटी चौरस फूट हा आकडा पूर्ण धरू नका. जमीन बिनशेती झाली आहे का, तिच्यावर वाद आहे का, हेही तिथेच पाहावे. आकस्मिक देण्यांचे टिपण त्यासाठी असते. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, तो या कामात आधाराला घेऊ नये.

कर्जाचा प्रश्न वेगळा काढण्याचे कारण २००८ च्या आठवणीत आहे. त्या काळी ‘लँड बँक’, म्हणजे कंपनीने साठवून ठेवलेली जमीन, हा परवलीचा शब्द होता आणि एकरांचा आकडा ऐकून लोक शेअर घेत. डीएलएफ या दिल्लीकडच्या बांधकाम कंपनीने जून २००७ मध्ये ५२५ रुपयांना शेअर विकले, जानेवारी २००८ मध्ये भाव १,२०० च्या वर गेला आणि २००९ च्या सुरुवातीला तो २०० च्या खाली आला. एवढ्या काळात जमीन कुठे गेली नव्हती. पैसे मिळेनासे झाले होते आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबत नव्हते. आपल्या कंपनीच्या मालमत्तेचे मूल्य दहा टक्क्यांनी घटले तर ३८८ चे सुमारे ३३५ होतील, म्हणजे चौदा टक्के घट. कर्ज दुप्पट, म्हणजे ३,००० कोटी असते, तर हीच घट तेवीस टक्क्यांच्या आसपास गेली असती. १,५०० कोटींवर मी घाबरून जाणार नाही, पण ते वाढते आहे की उतरते आहे, आणि प्रवर्तकांनी आपले शेअर तारण ठेवले आहेत का, हे दर तिमाहीला पाहीन. समूहातील इतर कंपन्यांना दिलेली बिनव्याजी कर्जे दिसली तर ती मालमत्तेत धरणार नाही.

आता प्लॉटच्या पैशाबद्दल. आपले वय, इतर बचत आणि घरखर्च मला ठाऊक नाही, आणि उत्तर बरेचसे त्यावर अवलंबून आहे. जे आकड्यांवरून सांगता येते ते असे की ४८० रुपयांना नवी खरेदी मी करणार नाही. माझ्या हिशेबाने हाती असलेल्या मालमत्तेला ३४० ते ३९० पर्यंतच आधार आहे. असलेले १,५०० शेअर लगेच विकण्याचीही गरज मला दिसत नाही, कारण कंपनीचा चालू धंदा आणि कार्यालयांचे भाडे दोन्ही धड आहेत. प्लॉटच्या विक्रीवर दीर्घकालीन भांडवली नफा झाला असेल, तर त्यावरील करसवलत घरात किंवा ठरावीक रोख्यांत मुदतीत गुंतवल्यास मिळते, शेअरमध्ये घातल्यास मिळत नाही. तेव्हा ही रक्कम कुठेही अडकवण्याआधी विक्रीची तारीख घेऊन आपल्या कर सल्लागाराकडे जावे. पुढच्या तिमाहीचे निकाल आले की त्या तिमाहीत विकलेले चौरस फूट, ग्राहकांकडून प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम आणि नव्याने जोडलेल्या प्रकल्पांतील कंपनीचा स्वतःचा हिस्सा, हे तीन आकडे मला कळवा. वार्षिक विक्री १० लाखांवरून १५ लाखांकडे सरकताना दिसली, तर जमिनीच्या ढिगाचा हिशेब मी आपल्याला पुन्हा मांडून देईन.